सत्तावीस आणि तीन तीस

बटाटे २० रुपये किलो, कांदे १५ रुपये किलो. गिऱ्हाइकानं ८०० ग्रॅम बटाटे आणि १ किलो ४०० ग्रॅम कांदे घेतले आणि २०० रुपयांची नोट पुढे केली. परत किती द्यायचे? कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकायला बसणाऱ्या मुलांना काही संशोधकांनी गिऱ्हाईक बनून अशा तऱ्हेचे हिशेब घातले. बटाट्याचे १६, कांद्याचे २१, मिळून ३७, परत १६३. असे हिशेब ही मुलं कागद-पेन्सिल हातात न घेता तोंडी करत होती. मात्र पाठ्यपुस्तकात असतात तशी साधी वजाबाकी-भागाकाराची गणितं समोर आली, तेव्हा त्यातली बरीच मुलं अडखळली.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०२५ च्या फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात बाजारात काम करणारी १,४३६ मुलं होती. त्यांच्या जोडीला आसपासच्या शाळांतली, कधीच दुकानावर न बसलेली ४७१ मुलंही होती. या शाळकरी मुलांचं चित्र नेमकं उलटं निघालं. पुस्तकी गणितं त्यांना जमत होती, पण बाजारातला जो एक हिशेब काम करणाऱ्या मुलांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांनी सोडवला, तो सोडवणारी शाळकरी मुलं निघाली जेमतेम १ टक्का.

मुलांनी शाळा सोडून हातगाडीवर उभं राहावं, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बाजारातल्या मुलांचंही पुस्तकी गणित कच्चं राहिल्यामुळे पुढच्या वर्गांची वाट अडतेच. पण ज्या मुलाला ५० वजा २७ वहीत करता येतं, त्याच्या हातात २७ रुपयांची वही आणि ५० ची नोट दिली की ते गोंधळतं, हे आपल्याकडच्या कितीतरी घरांत दिसतं. पैसे मोजणं, मोड करणं, बाकी परत देणं हे कौशल्य वजाबाकी शिकवली की आपोआप येतं, असं आपण धरून चालतो. ते तसं येत नाही. ते वेगळं शिकवावं लागतं, आणि नाणी-नोटा हाताळल्याशिवाय शिकवता येत नाही.

‘असर’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या शैक्षणिक पाहणीनं २०१७ साली २४ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना रोजच्या व्यवहारातले प्रश्न विचारले होते. समोर ठेवलेले पैसे मोजून एकूण रक्कम सांगणं हा त्यातला एक प्रश्न. तो ७६ टक्क्यांना जमला. म्हणजे तारुण्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांपैकी जवळजवळ चौथ्या हिश्श्याला समोरचे पैसे नीट मोजता आले नाहीत.

बाजारातलं गणित वेगळं का?

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा करेहेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक छोटासा अभ्यास गणित शिकवणाऱ्यांच्या जगात फार गाजला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. ९ ते १५ वर्षांची पाच मुलं, रस्त्यावर नारळ, मक्याची कणसं असा माल विकणारी. त्यांच्या दुकानासमोर उभं राहून विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तसेच हिशेब नंतर शाब्दिक उदाहरणांच्या रूपात दिले तेव्हा हे प्रमाण ७४ टक्क्यांवर आलं, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्क्यांवर.

यातल्या एका मुलाचा हिशेब मुद्दाम पाहण्यासारखा आहे. एक नारळ ३५ क्रुझेरोला, दहा नारळ केवढ्याला? शाळेत शिकलेलं मूल ३५ वर शून्य देऊन मोकळं होईल. या मुलानं तीन नारळांचे १०५ धरले, कारण तीन नारळ एकदम विकायची त्याला सवय होती. आणखी तीन घेतले, २१० झाले. आणखी तीन, ३१५. राहिला एक, त्याचे ३५. झाले ३५०. वाट लांबची, पण प्रत्येक पावलावर आपण काय करतोय हे त्याला ठाऊक होतं. शून्य कुठून आलं, हे न कळता ते देणाऱ्या मुलाला ही खात्री नसते.

बाकी परत देण्याचंही असंच आहे. शाळेत ५० मधून २७ वजा करताना शून्यातून सात जात नाहीत, मग शेजारून दशक उसना घ्यायचा, शून्याचे दहा करायचे, पाचाचे चार. किराणा दुकानातला माणूस असं काही करत नाही. तो वही गिऱ्हाइकापुढे ठेवतो आणि म्हणतो, “सत्तावीस.” मग एकेक नाणं ठेवत, “आणि तीन, तीस.” मग वीसची नोट ठेवत, “आणि वीस, पन्नास.” त्यानं वजाबाकी केलीच नाही. तो किमतीपासून वर चढत नोटेपर्यंत पोचला. वाटेत जेवढे पैसे ठेवले, तेवढी बाकी.

या रीतीत दोन मोठे गुण आहेत. पहिला म्हणजे उसने घेण्याची भानगड नाही. ५०० मधून ३४७ कागदावर वजा करताना दोन शून्यं आडवी येतात आणि तिसरी-चौथीतली मुलं तिथे हमखास चुकतात. वर मोजत गेलं तर तीन दिले की ३५०, पन्नास दिले की ४००, शंभर दिले की ५००. बाकी १५३. दुसरा गुण म्हणजे पडताळा तिथल्या तिथे होतो. वस्तूची किंमत आणि परत दिलेले पैसे मिळून नोटेएवढे भरले की देणारा आणि घेणारा दोघंही निश्चिंत. लहान मुलाला हाच पडताळा समजतो, कारण तो डोळ्यांसमोर मांडलेला असतो.

शिक्षकांनी ही रीत वर्गात आणली, तर वजाबाकीची नेहमीची मांडणी बाद होत नाही. दोन्हींचं उत्तर एकच येतं हे मुलाला दिसलं, की वहीतल्या वजाबाकीलाही अर्थ येतो. ‘नेचर’मधल्या त्या अभ्यासाचं म्हणणंही तेच आहे: बाजारातलं आणि शाळेतलं गणित यांच्यातला दुवा शाळेनं जोडून द्यायला हवा.

आणे गेले, पैसेही गेले

आपल्याकडे हा दुवा एके काळी होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मराठी शाळांत आणि घरी दिवेलागणीच्या परवच्यात म्हटले जात. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे हौसेसाठी नव्हते. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै, अशा चलनात ज्याला पाव, अर्धा, पाऊण तोंडपाठ नाही त्याला बाजारात उभं राहणंच अवघड होतं. पाठांतराचा जाच होता हे खरं, पण शाळेतला पाढा संध्याकाळी वाण्याच्या दुकानात उपयोगी पडत होता.

१ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान चलन आलं. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, त्यामुळे काही काळ लोकांना कोष्टकं पाहून व्यवहार करावे लागले. तीन आण्यांचे १९ नवे पैसे धरायचे आणि चार आण्यांचे २५, असा तो हिशेब होता. १९६४ मध्ये ‘नवा’ हा शब्द गळून नुसता पैसा उरला. पुढे पैसेही एकेक करून गेले. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाली. ५० पैशांचं नाणं कायद्यानं आजही चालतं, पण बाजारात ते दिसत नाही.

मुलांच्या दृष्टीनं यात एक सोय झाली आणि एक नुकसान. सोय अशी की आज हातातला जवळपास सगळा रोख व्यवहार पूर्ण रुपयांत होतो, त्यामुळे सुरुवात सोपी झाली. नुकसान असं की ४५.५० रुपये ही रक्कम मुलाला आता पुस्तकात किंवा छापील बिलावरच भेटते. दशांश अपूर्णांक शिकवताना ‘पन्नास पैसे म्हणजे अर्धा रुपया’ हे उदाहरण आजीला लगेच कळतं, नातवाला समजावून सांगावं लागतं.

जुने अपूर्णांक मात्र बोलण्यात पक्के टिकून आहेत. भाजीवाली ‘पावकिलो पंधरा’ म्हणते, दुधाचा हिशेब ‘दीड लिटर’ असा होतो, रिक्षावाला ‘सव्वाशे’ सांगतो, कापडवाला ‘पावणेदोनशे’. ज्या मुलाला सव्वाशे म्हणजे १२५ आणि पावणेदोनशे म्हणजे १७५ हे माहीत नाही, बाजारातलं निम्मं बोलणं त्याच्या डोक्यावरून जातं. इंग्रजी माध्यमातल्या मराठी मुलांची इथे जास्त अडचण होते आणि ती दूर करण्याची जागा घरच आहे.

पायरीपायरीनं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या पाठोपाठ २०२२ साली पायाभूत टप्प्याचा, म्हणजे ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीचा जो आराखडा आला, त्यात शंभर रुपयांपर्यंतचे साधे व्यवहार करता येणं ही एक अपेक्षा नोंदवली आहे. अपेक्षा माफक वाटते. पण तिच्या पोटात पाच-सहा वेगळी कौशल्यं आहेत आणि त्यांचा क्रम चुकला की मूल अडतं.

पहिली पायरी ओळखीची. पाच वर्षांच्या मुलापुढे एक दोनचं नाणं आणि दोन एकची नाणी ठेवून कुठे जास्त पैसे आहेत असं विचारलं, तर अनेक मुलं दोन नाण्यांकडे बोट दाखवतात. त्यांच्या लेखी जितकी नाणी जास्त, तितके पैसे जास्त. यात मुलाची चूक नाही. दहा काड्यांची मोळी एका काडीपेक्षा मोठी दिसते, पण दहाची नोट एकच कागद असते आणि तिच्यात दहा रुपये ‘दिसत’ नाहीत. म्हणून आधी काड्यांच्या जुड्या, मण्यांची माळ यांवर दशक-एकक पक्कं करून मग पैशांकडे यावं, हा अनुभवी शिक्षकांचा क्रम बरोबर आहे.

शिवाय आपली नाणी मुलांची परीक्षा पाहतात. एक आणि दोन रुपयांची नाणी एकाच रंगाच्या पोलादाची, आणि त्यांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या एकाच वेळी फिरत असतात. दहाच्या नाण्याच्या १४ वेगवेगळ्या नक्षी चलनात आहेत आणि सगळ्या वैध आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला २०१८ च्या जानेवारीत करावा लागला, कारण मोठी माणसंच ते नाणं खोटं समजून नाकारत होती. मुलांना नाणं चित्रावरून ओळखायला न शिकवता त्यावरचा आकडा शोधायला शिकवावं. वीसचं नाणं त्या मानानं सोपं, त्याला बारा बाजू आहेत. नोटांना रंगांचा आधार आहे: दहाची चॉकलेटी, वीसची हिरवट पिवळी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट, दोनशेची गडद पिवळी, पाचशेची राखाडी. वीसच्या नोटेमागे वेरूळचं लेणं आहे, हे सांगितलं की सहलीला जाऊन आलेली मुलं ती नोट विसरत नाहीत.

दुसरी पायरी मोड करण्याची. मुलापुढे एक, दोन आणि पाचची पुरेशी नाणी ठेवावीत आणि विचारावं, “दहा रुपये किती तऱ्हांनी करता येतील?” पाच आणि पाच. पाच, दोन, दोन, एक. पाच दोनची. एकूण दहा तऱ्हा निघतात. त्या सगळ्या शोधायला दुसरीतल्या मुलाला अर्धा तास सहज लागतो आणि त्या अर्ध्या तासात ते जितक्या बेरजा करतं, तितक्या वहीचं पान भरूनही करणार नाही. ज्याला मोड करता येते त्यालाच पुढे बाकी देता येते, कारण दुकानात नेमकं हवं ते नाणं कधीच हाताशी नसतं.

तिसरी पायरी मिसळीच्या पैशांची मोजणी. तीन दहाच्या नोटा, दोन पाचची, तीन दोनची आणि एक एकचं नाणं. एकूण ४७. इथे मुलं एक ठरावीक चूक करतात. दहा, वीस, तीस अशी लय लागते आणि पाचच्या नाण्यावर बोट आलं तरी तोंडून ‘चाळीस’ निघतं, पुढे ‘पन्नास’. हात पुढे सरकलेला असतो, जीभ मागच्याच चालीत. उपाय साधा आहे. आधी सारख्यांचे वेगळे ढीग करायचे, मोठ्या किमतीपासून सुरुवात करायची, मोजलेलं नाणं उजवीकडे सारायचं आणि ढीग बदलताना थांबून आतापर्यंतची रक्कम मोठ्यानं म्हणायची: “तीस झाले. आता पाचची. पस्तीस, चाळीस. आता दोनची. बेचाळीस, चव्वेचाळीस, शेहेचाळीस. आणि एक, सत्तेचाळीस.” बँकेतला रोखपालही ढीग वेगळे करूनच मोजतो.

याच पायरीवर मराठी आकड्यांची नावं आडवी येतात. ‘त्रेसष्ट’ ऐकलं की तीन आधी कानावर पडतात आणि मूल ३६ लिहून मोकळं होतं. एकोणतीस आणि एकोणचाळीस यांची अदलाबदल तर नेहमीची. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली ‘एकवीस’च्या जोडीनं ‘वीस एक’ असं वाचन दिलं गेलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांची हीच अडचण समजावून सांगितली होती. वाद बाजूला ठेवला तरी अडचण खरी आहे आणि पैसे तिच्यावर चांगलं औषध आहेत. सहा दहाच्या नोटा आणि तीन एकची नाणी मांडून ‘त्रेसष्ट’ म्हटलं, की साठ कुठे आणि तीन कुठे हे हाताला कळतं.

चौथी पायरी बाकी देण्याची, ती वर आलीच. तिच्यापुढची पाचवी पायरी फार मजेची आहे. बिल ६२ रुपये. गिऱ्हाईक शंभरची नोट देतं आणि वर दोन रुपये. हे दोन कशाला, हे लहान मुलाला कळत नाही. ते प्रामाणिकपणे दोन रुपये परत करतं आणि अडतीस मोजायला लागतं. १०२ मधून ६२ गेले की चाळीस, म्हणजे दोन वीसच्या नोटा दिल्या की काम झालं, हे एकदा लक्षात आलं की मुलं स्वतःच असे हिशेब शोधायला लागतात. ५७ च्या बिलाला १०७ द्यावेत म्हणजे पन्नासची अख्खी नोट परत मिळेल, हे चौथीतलं मूल सुचवू लागलं, तर त्याचं गणित चांगलं रुळलं आहे असं समजावं.

अंदाज घेणं ही शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित पायरी. १८, २९ आणि ४१ रुपयांच्या तीन वस्तू घ्यायच्या आहेत, शंभरची नोट पुरेल का? वीस, तीस आणि चाळीस मिळून नव्वदच्या आसपास, म्हणजे पुरेल. नेमकं उत्तर ८८ आहे, पण दुकानात उभं असताना आधी अंदाज लागतो, नेमकं नंतर. शाळेत अंदाजाला गुण नसतात, म्हणून तो शिकवलाही जात नाही.

शाळेतला बाजार

महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत वर्षातून एकदा बालबाजार किंवा बालआनंद मेळावा भरतो. पटांगणात पोती अंथरली जातात. मेथीच्या जुड्या, लिंबं, बोरं, चिंचा, शेंगा घरून येतात. कुणी भेळ करतं, कुणाची आई भजी तळून देते. पालक आणि गावकरी गिऱ्हाईक होतात. पैसे शिकवण्याची इतकी चांगली संधी वर्गात मिळणार नाही.

ती पुष्कळदा वाया जाते, हेही खरं. सगळ्या वस्तू दहा आणि वीस रुपयांना ठेवल्या जातात म्हणजे हिशेबाचा त्रास नको. दुपारपर्यंत सुट्टे संपतात. कौतुकानं आलेले काका वीसची नोट देऊन ‘राहू दे बाळ वरचे’ म्हणतात. मुलाला आनंद होतो, पण ज्यासाठी बाजार भरवला ते तिथेच संपतं.

थोडी तयारी केली तर चित्र बदलतं. किमती मुद्दाम सात, तेरा, अठरा अशा ठेवाव्यात. प्रत्येक दुकानाला सुरुवातीला पन्नास रुपयांचे सुट्टे द्यावेत: दहा एकची नाणी, दहा दोनची, चार पाचची. मोठ्यांना आधीच सांगावं की बाकी मोजून घ्या, सोडू नका, आणि मुलाला वेळ लागला तर घाई करू नका. भवानीच्या गिऱ्हाइकाला बाकी देताना गोंधळलेलं मूल पंधराव्या गिऱ्हाइकाला न अडखळता बाकी देतं.

बाजार उठल्यावरचा अर्धा तास तर सर्वांत मोलाचा. गल्ल्यात ३८५ रुपये निघाले. त्यातले ५० शाळेनं दिलेले, म्हणजे विक्री ३३५. माल आणायला घरच्यांनी २४० खर्च केले होते. नफा ९५. भांडवल, विक्री, नफा हे शब्द पुढे पाठ्यपुस्तकात येतात तेव्हा ज्यानं हा हिशेब स्वतःच्या पैशांवर केला आहे, त्याला व्याख्या पाठ करावी लागत नाही. गल्ल्यातली रक्कम आणि वहीतली रक्कम जुळली नाही तर शिक्षकांनी रागावू नये. चूक कुठे झाली असेल याचा माग मुलांना काढू द्यावा.

ज्या शाळांत दृष्टिहीन किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुलं शिकतात, तिथे पैशांचा हा सराव वर्षभर चालायला हवा, कारण पुढे स्वतंत्रपणे जगता येणं त्यावर अवलंबून असतं. २०१९ मध्ये आलेली नव्या मालिकेची नाणी आकार आणि कडांच्या फरकामुळे बोटांना ओळखू यावीत अशी घडवली आहेत. नोटांच्या बाबतीत अडचण आहे. शंभरची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार मिलिमीटरचा फरक बोटांनी ओळखायचा तर खूप सराव लागतो. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये ‘मनी’ नावाचं मोबाइल अॅप दिलं, ते कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट ओळखून तिची किंमत बोलून सांगतं. पण अॅप नोट ओळखून देईल, बाकी मोजणं मुलालाच शिकावं लागेल.

स्कॅन केलं, झालं

एवढं सगळं आता का शिकवायचं, असा प्रश्न पालक विचारतात. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं आणि २०२४ च्या ऑक्टोबरात एका महिन्यात त्यावर १,६०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. शहाळंवाल्यापासून चांभारापर्यंत सगळ्यांकडे स्कॅन करायची पाटी आहे. पैसे मोजायची वेळ येतेच कुठे?

वेळ येते. मार्च २०२४ अखेर देशात सुमारे ३५ लाख कोटी रुपयांचं चलन लोकांच्या आणि बँकांच्या हातात होतं. आठवडी बाजारात, जत्रेत आणि रेंज नसलेल्या ठिकाणी अजूनही रोख पैसे लागतात. ‘सुट्टे नाहीत’ म्हणून बाकीऐवजी गोळ्या हातावर ठेवणारे दुकानदार अजून आहेत, आणि दोन रुपयांऐवजी दोन गोळ्या नकोत असं म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे हे दहा वर्षांच्या मुलाला माहीत असायला हवं.

मुख्य काळजी वेगळी आहे. पूर्वी मूल न शिकवताही पाहून शिकत होतं. आई पाकीट उघडायची, नोट द्यायची, वाणी बाकी मोजायचा, कंडक्टर सुट्टे नसले की तिकिटामागे राहिलेली रक्कम लिहून द्यायचा. पैसे कमी होतात, हे डोळ्यांना दिसत होतं. फोनवर स्कॅन करून आवाज आला की व्यवहार संपतो. त्यात नोट जात नाही, बाकी येत नाही, पाकीट रिकामं होत नाही. मुलाच्या नजरेतून गणिताचा सगळा भागच गळून गेला आहे. जे आपोआप घडत होतं, ते आता ठरवून करावं लागेल.

आणि ते घरच करू शकतं. आठवड्याचे खाऊचे पैसे एका ठरलेल्या वारी, ठरलेल्या रकमेचे आणि मुद्दाम सुट्ट्या नाण्यांत द्यावेत. संपले की पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं. पाहुण्यांनी जाताना हातावर ठेवलेली नोट आईच्या कपाटात गडप न होता मुलानं स्वतः मोजून वहीत लिहावी. मातीचा गल्ला भरला की तो फोडून मोजण्याचं काम मुलाचंच. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँकेत स्वतःचं बचत खातं उघडून चालवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेनं २०१४ पासून दिली आहे. खात्यात पैसे भरण्याची पावती एकदा त्याला लिहू द्यावी. घरी ‘व्यापार’ या खेळाचा डाव मांडला तर बँकवाला होण्याचं काम सर्वांत लहान, पण मोजता येणाऱ्या मुलाकडे द्यावं. फोननं पैसे द्यायचे झाले, तरी आधी बेरीज मुलानं सांगावी, आकडा त्यानं टाकावा आणि शिल्लक किती राहिली ते त्यानं वाचावं.

हे करताना मोठ्यांना एक पथ्य पाळावं लागतं. मूल दुकानात बोटांवर हिशेब करत असतं, मागे दोन गिऱ्हाइकं थांबलेली असतात, आणि आपल्या तोंडून उत्तर निघून जातं. ते आवरायला हवं. दुकानदारही बहुतेक वेळा समजून घेतात, त्यांना आधी सांगून ठेवलं तर आनंदानं वेळ देतात. बाकी चुकली आणि पाच-दहा रुपये गेले, तर ती शिकवणीची फी समजावी.

या रविवारी भाजीला जाताना मुलाला सोबत न्या. यादी आणि पिशवी त्याच्याकडे द्या, दोनशे रुपये सुट्ट्या नोटांत द्या, फोन खिशात ठेवा आणि चार पावलं मागे उभे राहा. घरी आल्यावर राहिलेले पैसे टेबलावर मांडून त्याच्याकडून हिशेब ऐका. दर आठवड्याला हे केलंत, तर मोजायला, मोड करायला आणि बाकी मागायला मूल तुमच्या घरातच शिकेल.